उंबऱ्याला लागून

नेदरलँड्समध्ये, झूटरमेरला, आमच्या आळीत घर जागच्या जागी राहतं आणि अंगण खाली जातं. घरं काँक्रीटच्या लांबलचक खांबांवर उभी आहेत आणि ते खांब खाली, पार खाली, वाळूच्या घट्ट थरापर्यंत ठोकलेले आहेत. मधलं सगळं मऊ. हजारो वर्षांपूर्वी इथे दलदल होती, तिच्यात कुजलेल्या गवताचा आणि लव्हाळ्यांचा काळा थर, त्याला पीट म्हणतात. वर वजन आलं की तो दबतो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाळून झिजतो. पहिल्या वर्षी काही लक्षात येत नाही. मग एक दिवस स्वयंपाकघराच्या दारातून बागेत उतरताना पाय जरा जास्तच खाली जातो आणि आपण म्हणतो, अरेच्चा, ही पायरी कधी आली?

घर विकणारा माणूस हे सांगतो, नाही असं नाही. पण तो डचमध्ये सांगतो, हसत हसत सांगतो आणि तेव्हा आपण मनातल्या मनात पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते ठरवत असतो. मला तरी असंच झालं होतं. मी पुण्याची, अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागात एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करते, आणि जमीन ही गोष्ट मी तोवर गृहीतच धरली होती. ठाकूरदेसाई काकांनी ती कधीच गृहीत धरली नव्हती. त्यांचं माझ्याशी नातं काही नाही. माझ्या घराला लागून त्यांचं घर, आणि परदेशात शेजारी मराठी निघाला की तो आपोआप काका होतो, एवढंच.

गुरुनाथ ठाकूरदेसाई मूळचे राजापूरचे. त्यांचं घर सड्यावर, म्हणजे मैलभर नुसता उघडा कातळ. तिथे आंब्याचं कलम लावायचं तर आधी सुरुंग लावून खड्डा पाडायचा आणि मग खालच्या वाडीतून माती आणून तो भरायचा. काकांच्या वडिलांनी अशी अख्खी बाग उभी केली. "आमच्याकडे माती पाहुणी म्हणून यायची," काका सांगायचे, "आणि पावसात निघून जायची." अशा माणसाने शिकून, मुंबईत नोकरी करून, नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीबरोबर इकडे यावं आणि जिथे गावभर हुडकून एक दगड सापडणार नाही अशा ठिकाणी घर घ्यावं, याला काय म्हणायचं? संध्याकाकू त्याला नशीब म्हणायच्या. काका म्हणायचे, परवडत होतं.

आळीत एक रिवाज आहे. चार-पाच वर्षांनी वसंत ऋतूत सगळे मिळून ट्रकभर वाळू मागवतात. ट्रक मागच्या गल्लीच्या तोंडाशी वाळूचा ढीग टाकतो, मग ज्याने त्याने हातगाडीने आपापल्या अंगणात वाळू न्यायची, फरशा उचकटायच्या, वाळू पसरायची, फरशा परत बसवायच्या. जमीन उंबऱ्याला टेकवायची. हेंक नावाचे आमचे म्हातारे शेजारी या सगळ्याचे मुकादम. दुपारी त्यांची बायको कॉफी आणि माणशी एक बिस्किट देते. दुसरं मागायची सोय नाही. काकांना हा दिवस फार आवडायचा. घामाघूम होऊन ते म्हणायचे, "बाबा असते तर खूश झाले असते. इथेही वाहून आणावंच लागतं."

मग काकूंच्या पायांतलं बळ जायला लागलं. नसांचा आजार होता. बरा होणारा नव्हता, हळूहळू वाढणारा होता. आधी काठी आली, मग वॉकर, आणि दोन हजार अठरामध्ये खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, त्यांना बॅटरीवर चालणारी खुर्ची वापरायला दिली. चांगली धिप्पाड खुर्ची होती. उजव्या हाताशी एक लहानशी दांडी, ती बोटाने ढकलली की खुर्ची चालते. काकूंचा डावा हात तोवर कामातून गेला होता, उजवा मात्र शाबूत होता. त्या एका बोटावर त्या बाजार करून यायच्या, तळ्याकाठी जायच्या, आम्हाला रस्त्यात गाठून गप्पा मारायच्या. "मी आता गाडीवाली बाई आहे," त्या म्हणायच्या, "तुम्ही बसा सायकली हाणत."

एकच अडचण होती. इथल्या रांगेतल्या घरांचा पुढचा बोळ इतका चिंचोळा असतो की त्यातून ती खुर्ची निघणं शक्यच नव्हतं. तिला वाट एकच. स्वयंपाकघराच्या दारातून अंगणात, अंगणातून फाटकात, फाटकातून मागच्या गल्लीत. म्हणजे काकूंचं सगळं जग त्या एका उंबऱ्यापलीकडे होतं आणि तो उंबरा आणि जमीन यांची दर वर्षी थोडी थोडी फारकत होत होती.

तेव्हा काकांनी ओटा केला. असा तसा नाही, कोकणातला ओटा. वाळूबिळू भानगड नको, एकदाच काय ते पक्कं करून टाकू, म्हणाले. कामगार लावून दारापासून फाटकापर्यंत जाड काँक्रीट ओतून घेतलं, वर खास बेल्जियमहून मागवलेल्या निळ्या दगडाच्या लाद्या. हेंक कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गुरू, फार जड आहे हे. इथे जड वस्तू खाली जाते." काका हसले. मला मराठीत म्हणाले, "याने आयुष्यात दगड पाहिलाय कुठे? अगो, दगड घातला की काम संपलं." साठ वर्षांचा माणूस, आयटीत जन्म गेलेला, पण पायाखालच्या जमिनीबद्दलचं त्यांचं सगळं शहाणपण सड्यावरचं होतं आणि त्यावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती.

ते वर्ष नेमकं कोरडं निघालं. पुढचंही तसंच. कालव्यांतलं पाणी राखायला सरकारने बाहेरून पाणी सोडलं तरी अंगणाखालचं पीट सुकत गेलं आणि वरून तो ओटा त्याच्या उरावर बसलेला. वीस सालचा मार्च उजाडला तेव्हा ओटा एका बाजूने वीतभर खाली गेला होता, तोही घराकडे कलून. पाऊस आला की दारात तळं. काकांनी पत्र्याची उतरण आणून टाकली, तरी चढ इतका उभा की खुर्ची नेताना मागून कोणीतरी धरून ठेवावं लागे.

आणि त्याच महिन्यात सगळं बंद झालं. काकू आठवड्यातून तीनदा ज्या केंद्रात जायच्या ते बंद, व्यायाम करून घेणारी मुलगी यायची बंद, मंडळाचा पाडवा बंद. मी माझ्या माडीवर लॅपटॉप मांडून बसले आणि माझ्या खिडकीतून त्यांचं अंगण दिवसभर दिसू लागलं. एप्रिलमध्ये मीटिंग चालू असताना मी पाहिलं, काका मागून धरतायत, काकू उतरतायत आणि खुर्ची पत्र्यावरून घसरून आडवी झाली. मी मीटिंग तशीच टाकून धावले. दीड मीटरचं अंतर वगैरे कोणाला आठवतंय! आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत नेलं. कपाळाला खोक पडली होती, बाकी काही नाही. पण काकू रडत होत्या, आणि त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आता मला असं उचलायचं नाही," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवते. पोत्यासारखं नेतात. मी जाईन तर माझी माझी जाईन, नाहीतर इथे आत बसेन."

काका म्हणाले, "मी करतो ना नीट. उंबऱ्याला लागून जमीन करून देतो. तू नुसतं बोट लावायचंस."

"या वर्षात?"

"या वर्षात."

त्यांचा मुलगा श्रीहर्ष न्यूनेनला राहतो, आइंडहोवनला चिपच्या कंपनीत इंजिनिअर आहे. तो त्या शनिवारी आला आणि मास्क लावून अंगणात उभा राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, जस्ट मूव्ह. लिफ्ट असलेला फ्लॅट घ्या, आईला डायरेक्ट खाली येता येईल. धिस ग्राउंड विल ऑल्वेज विन."

"फ्लॅटला जमीन कुठे असते?" आतून काकू म्हणाल्या.

"आई, दॅट्स द पॉइंट."

त्याचं चुकत नव्हतं. पण त्या दिवसांत घर बघायला कोण येऊ देत होतं, आणि काकूंना ते अंगण हवं होतं. तिथे त्यांची अळवाची बादली होती, मेथीचा वाफा होता. बागेतली रोपं त्यांनी स्वतः लावलेली होती. श्रीहर्ष चिडून गेला, आणि काकांनी यंत्र भाड्याने आणून स्वतःचा ओटा फोडायला घेतला.

आठवडाभर आळीत कोणाची मीटिंग धड झाली नाही. माझा मॅनेजर विचारायचा, "उत्तरा, तुझ्याकडे युद्ध चालू आहे का?" मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू. पण खिडकीतून बघताना वैताग टिकायचा नाही. इतक्या हौसेने केलेलं काम माणूस स्वतःच्या हाताने फोडत होता, आणि बायको दारात खुर्चीत बसून त्याला सूचना देत होती. "तिकडचा कोपरा राहिला. अहो, पाय सांभाळा. पाणी प्या आधी." मध्येच काका थांबायचे, हातातलं यंत्र खाली ठेवायचे आणि काँक्रीटच्या तुकड्याकडे बघत राहायचे. त्यांना आपलंच हसू येत असावं, किंवा लाज. मी विचारलं नाही.

खाली पीट लागलं. काळं, ओलं, मऊ, त्यात तपकिरी काड्या आणि लाकडाचे तुकडे. काकूंनी ताटलीत एक ढेकूळ मागून घेतलं. नाकाशी धरलं. "चांगलं आहे की," त्या म्हणाल्या, "उगीच शिव्या देता." मग बोटांनी ते कुस्करत बराच वेळ बसल्या. काका म्हणाले, "आमच्या बाबांना हे मिळालं असतं तर त्यांनी डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं असतं." काकू म्हणाल्या, "तुमच्या बाबांना मिळालं असतं तर त्यांनी त्याच्यावर कलमं लावली असती. तुम्ही ओटा घातलात."

आता काय घालायचं ते हेंकने सांगितलं आणि या वेळी काकांनी ऐकलं. जर्मनीतल्या जुन्या ज्वालामुखींजवळ मिळणारा एक दगड असतो, पोकळ, भोकाभोकांचा, वजनाला अगदी हलका. इथे त्याला बिम्स म्हणतात. जेवढं वजन घालायचं तेवढं जुनं वजन आधी काढून टाकायचं आणि त्या जागी हा दगड भरायचा, म्हणजे पीटला कळतच नाही की आपल्यावर काही आलंय. काकांनी मेमध्ये मागणी नोंदवली. दुकानदार म्हणाला, ऑक्टोबर.

कारण सगळा देश घरात कोंडला गेला होता आणि सगळ्या देशाने एकदम बागेची कामं काढली होती. लाद्या मिळत नव्हत्या, कुंपणं मिळत नव्हती, बिम्स तर नव्हतंच. काकांनी जर्मनीपर्यंत फोन लावून पाहिले. तोवर अंगणात खड्डा, खड्ड्यावर फळ्या, आणि काकू दाराच्या आत. तो उन्हाळा इथल्या मानाने सुंदर होता. संध्याकाळी दहापर्यंत उजेड असायचा, गल्लीत पोरं खेळायची, आणि त्या दार उघडं टाकून उंबऱ्याच्या अलीकडे बसून राहायच्या. खुर्चीची पुढची चाकं बरोबर उंबऱ्याला टेकवून. मला राग यायचा. काकांचा, त्या दुकानदाराचा, या पाणथळ देशाचा, सगळ्यांचा. एकदा मी म्हणाले, "काकू, एवढी उतरण टाकून आम्ही दोघं धरतो. दहा मिनिटं तरी बाहेर बसा." त्यांनी मान हलवली. "हे करतायत ना माझ्यासाठी. त्यांचं होऊ दे. मी अशी धरून बाहेर गेले तर त्यांना वाटेल, माझा विश्वास नाही."

म्हणजे बाई हट्टापायी आत बसल्या आहेत असं मी समजत होते, आणि त्या नवऱ्याचा शब्द राखत होत्या.

ऑक्टोबरच्या शेवटी बिम्स आलं. मोठमोठ्या पांढऱ्या थैल्या गल्लीत उतरल्या. काकांनी त्यातला मुठीएवढा दगड बादलीत टाकला, तो तरंगला. त्यांनी तो दाबून धरला, सोडला, परत वर. लहान मुलासारखे हसत होते. "संध्या, बघ. आपला कातळही असाच तापून आलेला, आणि हाही. हा मात्र तरंगतो."

"कूळ एक, स्वभाव वेगळा," काकू म्हणाल्या. "तुमच्या घरात असा एखादा हवा होता." आणि मग खोकल्या. त्या दिवशी त्यांचा खोकला मी काही फारसा मनावर घेतला नाही. थंडी होती.

तीन-चार दिवसांत ताप चढला. कोविड कोणाकडून आला ते कळलं नाही, कळून उपयोगही नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्स पुढच्या दाराशी आली. खुर्ची त्या बोळातून निघत नव्हती, म्हणून नखशिखांत झाकलेल्या दोन माणसांनी त्यांना उचललं, स्ट्रेचरवर घातलं आणि नेलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. काका दारात उभे होते. त्यांना बरोबर जायची परवानगी नव्हती.

त्यानंतरचे दिवस काका अंगणात होते. त्यांची तपासणी झाली, त्यांना काही नव्हतं, पण घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम होता. अंगण घराबाहेर धरत नाहीत. ते एकटे थैल्या ओढायचे, दगड पसरायचे, दाबायचे, वर वाळूचा पातळ थर, वर हलक्या लाद्या. सपाटी बघायची पट्टी कशी धरायची ते हेंक कुंपणापलीकडून दाखवायचे. मी जेवणाचा डबा भिंतीवर ठेवायचे. श्रीहर्ष रोज फोन करून विचारायचा, "बाबा, तुम्ही आता हे का करताय?" काका म्हणायचे, "ती घरी येईल तेव्हा दारात खड्डा दाखवू?"

काम झालं त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी गल्लीतून आले, फाटकात उभी राहिले. दारापासून माझ्या पायापर्यंत जमीन एकसारखी होती. उंबरा कुठे संपतो आणि अंगण कुठे सुरू होतं ते लाद्यांचा रंग बदलला म्हणून कळत होतं, एरवी नाही. काकांनी हॉस्पिटलमध्ये व्हिडिओ कॉल लावला. एका नर्सने फोन धरला होता. काकूंच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क होता. काकांनी फोन जमिनीलगत धरून दारापासून फाटकापर्यंत हळूहळू नेला, खुर्ची जाईल तसा.

काकूंनी मास्क जरासा सरकवला. "डावीकडे तिरकं दिसतंय हो," त्या म्हणाल्या.

"फोन तिरका धरला होता."

"फोन नाही. लादी."

त्या एवढंच बोलल्या. काकांनी फोन ठेवला, गुडघ्यावर बसून पट्टी लावली. एक लादी खरंच बोटाच्या पेराएवढी वर आली होती. त्यांनी ती काढली, खालची वाळू काढली, परत बसवली, ठोकली, पट्टी लावली. अंधार पडला तरी ते तिथेच होते, आणि मला वाटतं त्या लादीत तोवर काही तिरकं उरलेलं नव्हतं. मी घरी जाऊन रडले. खूप रडले.

काकू चार दिवसांनी गेल्या. त्यांना शेवटचं भेटायला एकाला सोडलं, काका गेले. दहनाला आम्ही मोजकी माणसं खुर्च्या लांब लांब मांडून बसलो होतो. राजापूरहून आणि मुंबईहून सगळे पडद्यावर बघत होते. आवाज मागेपुढे येत होता, मध्येच कोणाच्या तरी घरचा कुकर वाजला आणि कोणीतरी धावत जाऊन तो बंद केला. श्रीहर्षने मंत्र पाठ केले होते, रोमन लिपीतून. तो एकदाही अडखळला नाही. काका मात्र शेवटपर्यंत मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होते. अंत्यविधी करणाऱ्या पेढीची माणसं शवपेटी उचलायला पुढे झाली तेव्हा त्यांनी एकदम हात वर केला, थांबा म्हणून. आणि मग कशासाठी थांबवलं ते त्यांनाच सुचेना. हात तसाच वर. श्रीहर्षने तो धरून खाली घेतला.

डिसेंबरात खेमेंटेकडून खुर्ची न्यायला माणूस आला. उसनी दिलेली वस्तू परत न्यायची, त्याचं काही चुकत नव्हतं. मी काकांबरोबर होते, त्यांनीच बोलावलं होतं. माणूस तरुण होता, सभ्य होता. त्याने बोळ पाहिला, मान हलवली आणि विचारलं, "मागून जाता येईल का?"

काकांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं.

माणसाने खुर्ची चालू केली आणि तिच्या बाजूला उभं राहून एका बोटाने दांडी पुढे ढकलली. रिकामी खुर्ची उंबऱ्याशी आली, उंबरा ओलांडला, अंगणात गेली. धक्का नाही, खडखड नाही. गादीवर ठेवलेली काकूंची शाल जागची हलली नाही. काका घाईने मागून गेले आणि त्यांनी ती उचलून घेतली. खुर्ची फाटकातून गल्लीत गेली, गाडीत चढली.

तो माणूस सही घ्यायला परत आला. जाताना त्याने अंगणाकडे वळून पाहिलं.

"किती सपाट केलंय," तो म्हणाला. "मी रोज किती घरांत जातो, पण असं कुठे बघितलं नाही. बाईंना फार सोपं गेलं असेल."

"हो," काका म्हणाले. "रोज जायची." आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.